पहिल्या कुत्र्याचं नाव

पुंता अरेनासला ऑक्टोबरात वारा पिसाळला
की रस्त्याच्या कडेने दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या दोराला धरत धरत
एदुविहिस बार्रिया माझ्या दुकानात शिरली,
एका हाताने लोकरी टोपी दाबून,
आणि मेलेलं पाखरू ठेवावं
तसा मोबाईल काउंटरवर ठेवला.

'रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी
कुणीतरी माझं दार हलवलं.'

मला हे रोजचंच.
सोळा वर्षं मी फुटक्या काचा बदलतो
आणि घाबरलेल्या लोकांना पाणी देतो.
म्हटलं, निरोपातल्या लिंकवर बोट नको,
चोरही कधी कधी पोलिसाच्या आवाजात बोलतो.
आपण आपल्या पायांनी, समोरच्या दाराने जाऊ.
जुना पासवर्ड टाका. मला सांगू नका.

'नवऱ्याचं नाव आणि लग्नाचं साल,'
ती मोठ्याने म्हणाली.
चार्जर घ्यायला आलेला खलाशी
सभ्यपणे छताकडे बघू लागला.

आत खरंच नोंद होती.
नवीन उपकरण. कोमोदोरो रिवादाविया, आर्जेन्टिना.
पासवर्ड तीनदा चुकलेला.
मग त्या माणसाने 'विसरलो' दाबलं होतं,
मग प्रश्न: तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव?
ते बरोबर आलं होतं.
पहिल्याच फटक्यात.
मग कोड मागितला गेला,
तो आला हिच्या उशीखाली, आणि तिथेच थांबला.

एदुविहिस स्टुलावर बसली.
'त्राउको,' ती म्हणाली. 'तीन पायांचा होता.
भरती चढू लागली की समुद्रावर भुंकायचा,
जणू पाणी त्याला विचारल्याशिवाय आलंय.
ते नाव माहीत असलेली माणसं आता दोनच.
एक मी.'

दुसऱ्याचं नाव तिने घेतलं नाही.
मीही घेतलं नाही; गल्लीत सगळ्यांना माहीत आहे
की बापाची बोट विकली त्या वर्षी
नोल्बेर्तो सीमेपलीकडे तेलविहिरींवर गेला,
आणि अकरा नाताळ होऊन गेले.

'आत आहे तरी काय?'
'आईचा आवाज. एकवीस फाइली.
शेवटच्या हिवाळ्यात भरून घेतलेला.
बटाटे कुणाकडून घ्यावेत,
कुणाचे किती पैसे द्यायचेत,
आणि मधेच त्याला हाका.
मला नाही, त्याला. मी तर शेजारीच बसले होते.'

पडद्यावर दोन बटणं होती.
हो, मीच होते.
नाही, मी नव्हते.
तिने खाली सरकवून पाहिलं, अजून काही आहे का.
नव्हतं.
यंत्राला भाऊ नसतो.

बाहेर एक पत्रा उडाला, कुत्री भुंकली.
तिने 'नाही' दाबलं.

मग आम्ही कामाला लागलो.
सगळ्या उपकरणांवरून बाहेर.
नवा पासवर्ड, लांबलचक,
(या वेळी खलाशाला ऐकू गेला नाही).
कुत्र्याचा प्रश्न पुसून टाकला.
तेव्हा मात्र तिने चष्मा काढला
आणि बराच वेळ तो पुसत राहिली.

शेवटी राखीव कोड छापून दिले.
दहा आकडे, दोन ओळींत.
मोबाईल हरवला तर कामाला येतील,
कपाटात ठेवा, फोटो काढू नका.
'एक कोड कितीदा चालतो?'
'एकदाच.'

तिने माझी कात्री मागितली.
तळातला एक कोड कापला,
दुमडला, पुन्हा दुमडला,
लिफाफा आहे का विचारलं.

मला माझा धंदा आठवला. म्हटलं,
दोन्या, असं कुणाला देत नाहीत.
आणि नुसत्या कोडने काही उघडत नाही,
आधी पासवर्ड लागतो.

'माहीत आहे,' टोपी कानांवर ओढत ती म्हणाली.
'तो विचारायला
त्याला फोन करावा लागेल.'